रकाना सहावा

परभणीच्या कारागृहात, भेटीच्या खिडकीशी
जो अर्ज मिळतो, त्यात सहावा रकाना असा:
बंद्याशी नाते.

पहिल्या खेपेला मी लिहिलं, भाऊ.
शिपाई ढगेबाईंनी चष्मा कपाळावर सारला.
"तू वैजनाथ, तो गौस. भाऊ कसा रे?"
मागं रांगेत कुणीतरी खुदकलं.
दूधभाऊ, मी म्हणालो. त्याच्या आईचं दूध प्यालोय.
खोटं होतं. पण त्याच्या आईच्या हातची अंबाड्याची भाजी
मी इतक्यांदा खाल्लीय
की अगदीच खोटंही नव्हतं.

शिक्का बसला. वीस मिनिटं.

तेव्हापासून दर मंगळवारी मी दूधभाऊ.
इस्त्रीचे कोळसे विझवायचे, दुकान ओढून घ्यायचं,
हाताची राख पँटला पुसत बसमत रोडनं यायचं.
तारीख असेल तेव्हा पिशवीत त्याचा आकाशी शर्ट.
कॉलरवरून इस्त्री मी दोनदा फिरवतो.
झडतीत घडी मोडतात,
बाह्यांत, खिशात, बटणपट्टीत बोटं घालतात.
ऊब तोवर निवलेली असते.

केस ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची.
चोरल्या कुणी, सापडल्या गौसच्या गॅरेजात.
चौदा महिने झाले.

आणि या मंगळवारी भिंतीवर नवा कागद.
"तंबाखू, गुटखा आत नेण्यास सक्त मनाई"च्या शेजारी,
चिकटपट्टीनं लावलेला, जरा तिरका.
उपरोक्त विषयास अनुसरून.
समलिंगी, तृतीयपंथी इत्यादी बंद्यांना
भेटीच्या बाबतीत
कोणताही भेदभाव न करता.
तीनदा वाचला.
सरकारनं आमच्याबद्दल लिहिलेलं काही
जन्मात पहिल्यांदा वाचत होतो,
आणि त्यात आम्ही "इत्यादी"त नव्हतो,
चक्क पहिल्या शब्दात होतो.

ढगेबाईंनी अर्ज पुढं सरकवला.
आवाज खाली आणून म्हणाल्या,
"आता खरं लिव. चालतंय आता."
मी त्यांच्याकडं बघतच राहिलो.
म्हणजे चौदा महिने या बाईला ठाऊक होतं,
आणि चौदा महिने ती शिक्का मारत होती.

पेन सुतळीनं खिडकीला बांधलेलं.
सहाव्या रकान्यापर्यंत सुतळी पुरते.
पण लिहू काय?
खोलीवर आम्ही एकमेकांना काहीच म्हणत नाही.
"ऐक की" म्हणतो. "आलास का" म्हणतो.
मराठीतला शब्द मला, उर्दूतला त्याला,
ठाऊक आहेत ते शिव्या म्हणूनच.
मागं चौथ्या नंबरला गौसची अम्मी उभी,
ओढणीच्या टोकात खजूर बांधून.
आत बराक नंबर तीन,
खिडकीवर लिहिलेलं
तिथं संध्याकाळच्या गिनतीआधी पोचतं.
परिपत्रक रात्री बराकीत
त्याच्या शेजारी झोपायला येणार नाही, बाई.

लिहिलं, दूधभाऊ.
ढगेबाई काही बोलल्या नाहीत.
शिक्क्याची शाई वाळली होती,
दोनदा मारावा लागला.

जाळीपलीकडं गौस. गळ्याची हाडं वर आलेली.
"भिंतीवर काय तर लागलंय म्हणे?"
हाव.
"मग? खरं लिवलास?"
नाही.
"बरं केलास," म्हणाला,
आणि मग पाच-सहा मिनिटं,
वीसातली पाच-सहा,
नुसता जाळीचं एक भोक नखानं कोरत राहिला.
शेवटी म्हणाला,
"मागच्या तारखेला कॉलर लई कडक झालती. मान सोलली."
कांजी कमी घालतो, म्हटलं.

बाहेर आलो तर अम्मी भिंतीसमोर,
पदर धरल्यासारखी ओढणी धरून,
डोळे बारीक करून.
"बेटा, मेरेकू दिखता नै. क्या लिखे रे इत्ता?"
तंबाखू नेऊ नका म्हणतात, अम्मी.
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
बोट उचललं, तिरक्या कागदावर ठेवलं.
"वो तो पुराना हय," म्हणाली.
"ये नया पढ."