नावाआधी काय लिहायचं

जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत
शिक्के बनवणारे कारखानीस
चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
"नावाआधी काय? डॉक्टर की वैद्य?"
मी बोलत नाही तसे हिशेब मांडतात,
"डॉ. एका अक्षरात मावतं.
वैद्य लिहिलं तर मढवी खालच्या ओळीत जाईल."

थांबा जरा, म्हणते मी.
मागे एक गृहस्थ
लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन उभे.

कोपरखैरण्याच्या चोवीस खाटांच्या हॉस्पिटलात
रात्रीची आरएमओ आहे मी.
मोठे डॉक्टर घरून फोनवर सांगतात,
सलाईन लाव, ईसीजी पाठव, सकाळी बघतो.
पहिल्या रात्री मी म्हाताऱ्याच्या मनगटावर
तीन बोटं ठेवली, डोळे मिटले,
तर सिस्टर ब्लेसी म्हणाली,
"मॅडम, क्लिप लावलीय. आकडा वर दिसतो."
आकडा दिसत होता.
साडेपाच वर्षांचे श्लोक
ॲप्रनच्या खिशात घडी करून ठेवले
आणि आकडा लिहून घेतला.

रविवारी मात्र घणसोलीत, बाबांच्या गाळ्यात
मी दुसरी असते.
मानकीबाई येते, गुडघा पुढे करते,
"सुय देशील नं गो?"
सुई नाही देत. कणकेचं आळं करून
कोमट तेल ओतते, पाऊण तास बसते.
ती सुनेचं सांगते, गेलेल्या मिठागराचं सांगते,
मुंबईतल्या तीन एक्सरेंचं, ज्यात काहीच निघालं नाही.
आता ती जिना चढते.
तेलाने, की कुणीतरी पाऊण तास ऐकल्याने,
मला अजून सांगता येत नाही.

मग तो बाजार समितीतला माथाडी, शेवंतीलाल नाही,
शेवंताराम. नाव मी केसपेपरवर चुकवलं होतं, हात कापत होता.
रात्री दोनला आला, घामाने भिजलेला,
"पित्त आहे," म्हणाला, "औषध चालू आहे,"
आणि खिशातून पुडी काढली.
पुडीवर माझं अक्षर.
रविवारचं. जेवणाआधी, कोमट पाण्यातून.
ईसीजीचा कागद सरकत आला
आणि त्या रेघेत
पित्त कुठेच नव्हतं.
गोळ्या चघळायला दिल्या, फोन केला,
नेरूळपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याजवळ बसून गेले.
वाचला.

महिन्याने आला, पिशवीत पाच किलो कांदे,
सगळ्यांसमोर म्हणाला,
"बाईंच्या पुडीनं जीव राहिला."
मी कांदे घेतले.
खरं सांगायला तोंड उघडलं होतं,
सांगितलं नाही.

बाबा म्हणतात, गाळा रिकामा ठेवलाय,
भाडं बुडवून, बोर्ड कधी लावतेस?
बोर्डावर काय, हे ते विचारत नाहीत.
एकदाच, जेवताना, म्हणाले,
आपल्या शेतात गोडं पाणी नि खारं पाणी
एका बांधाने वेगळं राहायचं.
बांध फुटला की भात जायचा.
मग भाकरीचा तुकडा मोडला आणि
पुढचं बोललेच नाहीत.
ते शेत आता सेक्टर आहे.

"ठरलं का?" कारखानीस.
आधी नोंदणी क्रमांक घ्या, म्हणते, तो नक्की आहे.
ते अंक मांडतात, उलटे,
आरशात वाचावे तसे.
नावाआधीची जागा तशीच.

मागचे गृहस्थ खाकरतात.
"डॉक्टर आहात ना? रांगेत विचारू नये, पण
हा अंगठा रात्री बधिर होतो."
पत्रिकेचा कागद काखेत धरून
हात पुढे करतात.
माझी तीन बोटं त्यांच्या मनगटावर
न विचारता जाऊन बसतात,
आणि तोंडून येतं,
"शुगर शेवटची कधी तपासली होती?"