तीन-चार

बारा वेळा खट् झालं.
मी मोजलं. सुतार माणूस, मोजल्याशिवाय राहवत नाही.
माझ्या स्टेपलगनचा आवाज अगदी असाच,
फक्त आजवर मी तिच्या मागच्या बाजूला असायचो.

"दोन आठवडे," नर्स म्हणाली,
आणि हातात एक घडीचं पत्रक, एक पॅड,
कागदी पेल्यात पाणी.
ब्रिजटाउनहून परतताना बसमध्ये मी
एका कुल्ल्यावर तोल सांभाळत, समुद्राकडे तोंड करून.
शेजारच्या बाईनं विचारलं, काही हरवलं का?
म्हटलं, अजून नाही.

आज एकोणिसावा दिवस.

व्हर्लीन काही विचारत नाही.
फोन चार्जिंगला लावते, काढते, परत लावते.
मासे तळताना मध्येच आच बारीक करते,
तेलाच्या चरचरीत रिंग बुडू नये म्हणून.
पहिले तीन दिवस लघवी गंजाच्या रंगाची होती.
जुन्या खिळ्यांच्या डब्यात पाणी शिरलं की होतं तशी.
मी तिला सांगितलं नाही. तिनंही टॉयलेट घासताना
मला सांगितलं नाही.

अक्रोडाएवढी असते म्हणे ती ग्रंथी.
अक्रोड आमच्याकडे नाताळातच दिसतो, तोही डब्यातला.
अडुसष्ट वर्षं बाळगली, आणि नाव घेताना
अजून जीभ अडखळते.

दुपारी एल्रिकच्या दुकानाबाहेर डॉमिनोजचा डाव.
टेबल मीच केलेलं, महोगनीचं, तीस वर्षांमागे.
सोंगट्या आपटून आपटून मधोमध खळगा पडलाय.
इथे क्रिकेट चालतं, सरकार चालतं, गुडघे चालतात.
पट्ट्याच्या खालचं फक्त विनोदात.
लाइल पाठ धरून बसायचा त्या खुर्चीत,
आम्ही त्याला तेलं सुचवली. चार जणांची चार तेलं.
पाठीचं नव्हतं ते, हे अंत्ययात्रेत कळलं.
आता तिथे त्याचा जावई बसतो, ओमार,
पोरगेलासा, खेळतो बरा.

डॉक्टरांनी समजावलं होतं: दोन आकडे येतील.
तीन अधिक चार आलं तर एक गोष्ट,
चार अधिक तीन आलं तर दुसरी.
बेरीज सातच, पण जो आधी येतो तो जास्त पसरलेला.
शाळेत मास्तरांनी छडी मारून शिकवलेलं,
उलटं मांडलं तरी बेरीज तीच.
मास्तर गेले, नाहीतर विचारलं असतं.

आणि आज हातात आली तीच सोंगटी.
एकीकडे तीन ठिपके, एकीकडे चार.
अंगठ्यानं फिरवली. चार-तीन.
परत फिरवली. तीन-चार.
हाडाचा तोच तुकडा, वजन तेवढंच.

"खेळतोस की उबवतोस?" एल्रिक ओरडला.

मी म्हटलं, मला सुया टोचल्यात.
बारा. खालून.
निकाल यायचाय.

रस्त्यावरून एक व्हॅन गाणं वाजवत गेली
आणि पार वळणापर्यंत ऐकू येत राहिली.

गूलबर्नची पाळी होती. हा माणूस
सोंगटी कधी ठेवत नाही, हाणतो. ग्लास धरून बसावं लागतं.
त्यानं ती ठेवली,
झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.
म्हणाला, "मला चौदा. दोन वर्षं झाली."
"तू तर बहिणीकडे गेला होतास, न्यूयॉर्कला?"
"बहीण कुठाय मला?"

एल्रिक हसला आधी. मग मी.
मग गूलबर्न इतका, की डोळे पुसावे लागले,
आणि पुसणं थोडं लांबलं.
ओमारनं मान वर केली नाही,
फक्त आपल्या सोंगट्या पुन्हा नीट लावल्या,
होत्या तशाच.

मी तीन-चार लावली. कुठली बाजू कुठे,
ते टेबलानंच ठरवलं, चार उघडा होता.

खिशात फोन थरथरला.
चौघांचेही हात थांबले.
व्हर्लीन होती.
येताना मीठ आण, म्हणाली.
कानामागची पेन्सिल काढून
मी तळहातावर लिहून घेतलं: मीठ.