नंतर

दगाजी मुनीम सांगतात, रोज सकाळी
आधी उदबत्ती, मग मशीन,
मग ती छोटी करडी खिडकी:
*मागचं काम अपुरं राहिलं आहे. पुढे चालू करायचं?*
खाली दोन बटणं. ते 'नंतर' दाबतात
आणि बसतात लिहायला
तोलाई, हमाली, बारदान.
आठ वर्षं. पाडव्याला सुद्धा.

मी बाजूचं झाकण उघडलं
तर पंख्यावर लाल थर.
नंदुरबारात मिरची कुठेही शिरते,
डोळ्यांत, डब्यात, देवाच्या पेटीत,
पण मदरबोर्डवर वाळत घातलेली मी पहिल्यांदाच पाहिली.
मला सात शिंका आल्या.
मुनीमजींनी मोजल्या.

शेठच्या भाच्यानं बसवायला घेतलं होतं ते, जिग्नेशनं.
त्र्याहत्तर टक्क्यांवर लाईट गेली.
लाईट आली तोवर जिग्नेश
सुरतेच्या गाडीत बसला होता.
फोन लावला तर म्हणाला,
कोणतं सॉफ्टवेअर?

यादीत नाव दिसत होतं,
नावापुढं आकार नाही, तारीख नाही,
पत्रिकेत छापलेल्या आणि लग्नाला न आलेल्या
एखाद्या काकासारखं.
'काढून टाका' दाबलं.
म्हणे, हे नीट बसलेलंच नाही, काढू कसं?
'पुन्हा बसवा' दाबलं.
म्हणे, आधी जुनं काढा.
तलाठी तहसीलला पाठवतो, तहसील तलाठ्याकडे,
तशी मी अर्धा तास त्या दोन बटणांमध्ये.
मग मशीन जरा मऊ झालं:
ज्या सीडीवरून बसवलं, तीच सीडी घाला.

म्हणजे बाहेर काढायलाही
आत घालणाऱ्याचीच सही.

गल्ला पाहिला. खण पाहिले.
तीन रबरी शिक्के, दोन मेलेले कॅल्क्युलेटर,
कुणाच्या तरी दाताची कवळी
(मुनीमजी म्हणाले, माझी नाही, आणि विषय बदलला).
सीडी नाही.

बाहेर पथारीवर माघाचं ऊन,
जमीन दिसू नये इतकी लाल.
बायका ओळीनं बसून देठ खुडत होत्या,
खोकत होत्या, हसत होत्या, पुन्हा खुडत होत्या.
मोगीबाई म्हणाली,
"काय धुंडी राह्यनी व माय?"
मी बोटांनी गोल करून दाखवला.
तिनं वर पाहिलं.

तारेला दोऱ्यानं टांगलेली,
पाखरं भिऊन पळावीत म्हणून,
वाऱ्यावर फिरत होती.
फिरताना एकदा तिच्यात ऊन, एकदा मिरची.
"लई जाय," मोगीबाई म्हणाली,
"पाखरं तिले भ्यातस नई आते."

ओढणीनं पुसली. फुंकर मारली.
दोनदा मशीननं ओळख दिली नाही.
तिसऱ्यांदा आत काहीतरी कण्हलं
आणि पट्टी उलटी चालू लागली:
त्र्याहत्तर. साठ. एक्केचाळीस.
वर चढणारे टक्के जन्मभर पाहिलेत,
उतरणारे असे, एकटक, कधी नाही.
मुनीमजी उभे राहिले होते. का, माहीत नाही.
शून्यावर थोडं थांबलं,
मग नावही गेलं यादीतून.
मागं राहिलेली चार रिकामी फोल्डरं
मी हातानं खुडली.

सीडी परत तारेला बांधून दिली.
साळुंकी शेजारी येऊन बसली.
मोगीबाईचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला फोन.
"ताई, ती खिडकी नाही आली."
म्हटलं, काढली ना काल.
"हो. पण मी थांबलोय अजून."
मागून बायकांचा खोकला ऐकू येत होता,
आणि उंदरावर बोट ठेवल्यासारखी
माउसवरची त्यांची सावध शांतता.
"मग आता," त्यांनी विचारलं,
"थेट तोलाईच लिहू?"