जरब

तहूरा होडेकरची वही शेवटच्या पानावरून सुरू व्हायची.
पहिल्याच आठवड्यात मी ती उलटून दिली,
लाल शाईत शेरा : वही सरळ धर.
तिने धरली.
त्यानंतर दिवाळीपर्यंत
तिचं एकही गणित सरळ आलं नाही.

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात उर्दू शाळा सातवीला संपते.
आठवीला मुलं सव्वासातची फेरीबोट धरतात
आणि या काठाला उतरेपर्यंत
त्यांच्या गणिताची भाषा बदललेली असते.
सहा जणं आली होती, शिमग्याला चार उरली.
एक मुंबईला गेला, मामाच्या बेकरीत.
एकीचं काय झालं ते मी विचारलं नाही.
हजेरीत तिच्या नावावर रेघ मारली,
तीसुद्धा पट्टी लावून.

"गुणाकार म्हणजे जरब ना, मॅडम?"
वर्ग हसला. मीही, थोडीशी.
आमच्याकडे जरब बसवायची असते,
ती मास्तरांच्या डोळ्यांत राहते.
तिच्याकडे जरब म्हणजे
एका मुठीच्या सात मुठी.

त्या रात्री शब्दकोश काढून बसले.
कसर म्हणजे अपूर्णांक.
आम्ही म्हणतो, कसर राहिली, पोरीत काहीतरी कमी आहे.
ती म्हणते, कसर आहे ही, तीन छेद चार, नीट बघा.
आणि वजाबाकी?
वजा काय, बाकी काय,
कुठल्याशा गलबतातून याच किनाऱ्यावर उतरले असतील दोघे.
चौदा वर्षं मी ते माझ्या घरचे म्हणून शिकवत होते.

सहामाहीत टाकीचं गणित घातलं होतं :
एक नळ सहा तासांत भरतो, दुसरा नऊ तासांत रिकामी करतो.
मुबीन तांडेलने खाली एकच ओळ लिहिली :
आमचा नळ शुक्रवारी येतो, पाऊण तास.
मी शून्य दिलं. नियमाप्रमाणे.

मग एका शनिवारी फेरीबोट रखडली.
जेटीवर पालथ्या क्रेटवर कुणाचा तरी हिशेब चालला होता.
डिझेल नि बर्फ वजा जाऊन चौऱ्याऐंशीशे.
बोटीचे दोन वाटे, तांडेलचा दीड,
सात खलाशी, त्यांचा एकेक.
मी पर्समध्ये पेन शोधत होते.
तहूरा टोपलीत बर्फ पसरता पसरता म्हणाली,
"साडेदहा वाटे. आठशे-आठशे येतील."
आणि पुढची टोपली ओढली.

साडेदहाने भागायला
मी फळ्यावर अख्खा तास घेते.
दशांशचिन्ह सरकवते. खडू मोडतो.

आता मंगळवारी साडेपाचच्या बोटीने मीच पलीकडे जाते.
सकीनाभाभींच्या पडवीत, सुकत घातलेल्या सोड्यांशेजारी,
दाराच्या फळीवर दोन रकाने आखलेत :
बेरीज, जमा. भागाकार, तकसीम.
हात अजून चुकतो मुलांचा,
शब्द उजवीकडून निघतात, आकडे डावीकडून,
कुठेतरी मध्ये आदळतात.
मीही अलीफ काढताना घामाघूम होते
आणि मुलं माझ्यावर हसतात, अगदी थोडीशी.
मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन मागे पडलाय बाई.
पडलाय.

तहूराला या चाचणीत वीसपैकी अकरा.
पेढे वाटण्यासारखं काही नाही.
भंडारवाडीचा सुयोग मात्र परवा फळ्याशी म्हणाला,
"मॅडम, ही कसर सोपी करू?"
आणि कुणी हसलं नाही.

मुबीनने टाकीचं गणित पुन्हा सोडलं.
त्याऐवजी स्वतःचं एक घालून दिलंय :
नळ एक, घरं एकशे बारा, वेळ पाऊण तास,
दर घरी किती हंडे?
आणि शेवटच्या घराला किती वाजेपर्यंत उभं राहावं?

परतीच्या बोटीत बसले आहे.
समोर जयगडचा दिवा लागला.
मांडीवर त्याची वही, शेवटच्या पानावर उघडलेली,
आणि हातात लाल पेन,
टोपण न काढलेलं.