कमावणे

रणभिसे सरांनी पिशवीतून वही काढली
तेव्हा आधी वास आला. कसर आणि जुना डिंक.
"बांधून ठेवा," म्हणाले, "देवळाची आहे. घाई नाही.
वरून रेक्झिन चालेल."

पापाच्या तिकटीमागं माझं बाइंडिंगचं दुकान.
वकिलांची दप्तरं येतात, सोसायट्यांच्या खतावण्या.
पाद्र्यांची चरित्रं कधी आली नव्हती.
शिवण उसवली, पानं सुटी केली,
पेन्सिलीनं आकडे घातले,
आणि बाइंडरनं वाचू नये तसा वाचत बसलो.

टोबियास हार्टविग. गावाला नाव पेललं नाही,
गावानं त्याचा हातविक सायेब केला.
ब्रह्मपुरीकडं राहायचा. आपल्या मुलखातल्या
पाद्र्यापंडितांच्या हकिकती मराठीत लिहायचा,
कुणी सांगितलं नसताना.

कुणी एक बिशप, मधमाश्या पाळणारा,
राजाला नाही म्हणाला, तेही भर पडशात.
कुणी हिब्रूच्या टिंबांवर डोळे घालवलेला;
पुढं बायको वाचून दाखवायची
आणि तो तिचे उच्चार सुधारायचा.
कुणी मोठा वाद जिंकून घरी आला
तर पोर तापानं गेलेलं.
त्या ओळीखाली हार्टविगनं बोटभर जागा सोडली आहे.
का, ते वही सांगत नाही.

पान एकशे बारा. इथं शाई बदलते.
एक म्हातारा आचार्य, जन्मभर एकच वाक्य सांगत फिरलेला:
'मनुष्य तारण', मग कोरी जागा, मग 'नाही'.
कोऱ्या जागेत शब्द लिहून खोडलेत.
संपादीत. अर्जीत. आणखी एक, शाईत बुडालेला.
समासात, अगदी कडेला, बारीक अक्षर:
'निंगूस विचारणे.'

निंगू नदीकाठी कातडी कमवायचा.
चुन्याचे हौद, बाभळीची साल, हिरड्याचं काळं पाणी.
वारा तिकडून असला की गाव खिडक्या लावून घ्यायचं.
हार्टविग गेला. नाकाला रुमाल न लावता गेला.
(हे त्यानं लिहिलेलं नाही. हे मी ठरवलंय.)

'मी पुसिले, मनुष्य पुण्य कमावितो काय.
तो बोलिला, सायेब, आमी कातडं कमावतो.
मी पुसिले, शब्द एकच काय.
तो हसिला. बोलिला,
कातडं काय करतंय? पडून ऱ्हातंय.
चुना त्येला खातोय, साल त्येला पाजतीया,
म्या त्येला तुडवतोय, म्हैना दीड म्हैना.
मग मऊ येतंय. त्यात त्येनं काय केलं?
कमावल्यालं ते. कमावणारा म्या.'

याखाली नुसती तारीख.
मग तो मागं गेला असणार, एकशे बारावर,
कारण त्याच नव्या शाईत जागा भरली आहे:
'मनुष्य तारण कमावीत नाही.'
आणि पुढं, आचार्यानं न म्हटलेलं,
'मनुष्य कमाविला जातो.'

माझा यातल्या कशावर विश्वास नाही.
तरी रेक्झिनचा गठ्ठा बाजूला सारला
आणि सुभाषनगरात जाऊन चामडं आणलं, पदरच्या पैशानं.
विचारलं, कशात कमावलंय?
"क्रोममधलं. मद्रासचा माल," पोरगा म्हणाला,
"हिरड्याचं आता कोण करत बसतंय."

शिवली. पाठ गोल केली. डिंक वाळला.
राहिल्या कडा. पात्याखाली घातली,
हात दांड्यावर गेला, आणि दिसलं
की एक सूत कापलं तरी निंगू जाईल.

तशीच काढली.
रणभिसे सरांनी वही उभी धरली, आडवी धरली.
"कडा वाकड्या राहिल्यात," म्हणाले.
म्हटलं, होय सर. राहिल्यात.
त्यांनी वीस रुपये कमी दिले.