तीन पीळ आणि एक गाठ

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
माझं दुकान म्हणजे एक पत्रा, एक टेबल
आणि शेपटीला चिमटा लावलेला बारा व्होल्टचा दिवा.
बोस्त्यांव त्याची अँबॅसडर घेऊन आला,
बॉनेट सुंभाने बांधलेलं.
करमलच्या घाटात पाणी उकळलं म्हणाला,
वाफ अशी की पुढचा ट्रक दिसेना,
आणि काटा?
काटा 'सी'वर डोकं टेकून झोपलेला,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.

काटा खोटं बोलला तर काट्याला मारू नये.
हे मला इनास मेस्तने शिकवलं,
बोटांवर पाना मारून.
काटा बिचारा ऐकीव सांगतो.
विचारायचं ते खाली,
धग ज्याने अंगावर घेतली त्याला.

चावी फिरवली, सेंडरची वायर काढली,
इंजिनाच्या लोखंडाला टेकवली.
काटा दचकून उठला, थेट 'एच'पर्यंत.
म्हणजे काटा जिवंत, वायर जिवंत,
मुका तो पितळेचा सेंडर.
सोडवून बघतो तर आट्यांवर पांढरी टेप,
नळाला लावतात ती, सात-आठ वेढे.
कुणीतरी गळती थांबवायला गुंडाळलेली.
गळती थांबली
आणि बोलणंही थांबलं.
लोखंडाला अंग लागल्याशिवाय
त्याला तोंड फुटत नाही.

टेप खरवडली, आटे घासले, इंजिन तापू दिलं.
काटा जांभई दिल्यासारखा वर आला,
मधोमध थांबला.
बोस्त्यांवने कपाळाला, छातीला बोटं लावली.

इथेच मी हात पुसायला हवे होते.

पण पेट्रोलचा काटा 'एफ'वर
आणि टाकी बोटाने वाजवली तर पोकळ.
'तो तसाच असतो,' बोस्त्यांव म्हणाला, 'आसूं दी.'
मी कसला सोडतोय.
डिकीतली चटई उचलली. खाली एक चप्पल,
सोललेल्या नारळाची किशी,
आणि टाकीच्या डोक्यावर सेंडर उघडा.
त्याची वायर बाजूला,
सरळ बॉडीच्या पत्र्याला बांधलेली.
तीन पीळ, मग गाठ,
गाठीचं शेपूट आत दुमडलेलं.

ही गाठ मारणारे आम्ही दोघेच.
त्यातला एक चार वर्षांपूर्वी
सिमितेरीत निजला.

इनास मेस्त आणि असला जुगाड?
एका उघड्या जोडासाठी ज्याने मला
दिवसभर जेवू दिलं नव्हतं?

रागाने गाठ सोडली. सेंडर पुसला,
वायर तिच्या जागी लावली.
काटा उतरला,
पावच्या खाली, आणखी थोडा खाली,
तिथे थरथरत राहिला.

बोस्त्यांव बराच वेळ काचेत बघत होता.
मग सीटखालून काठी काढली,
बांबूची, चाकूने खाचा पाडलेली.
टाकीत बुडवली, नाकाशी नेली.
'साडेसहा लिटर. माझं हिच्यावर चालतं रे.
काटा पिएदादसाठी.
पुढे बसते, रस्ता बघत नाही, काटाच बघते.
माहेरी जाताना दर चढाला विचारायची,
पुरेल मरे? पुरेल?
मेस्तला सांगितलं. तो हसलासुद्धा नाही.
पाच मिनिटांत डिकीतून बाहेर आला,
पैसे घेतले नाहीत.
तेव्हापासून ती काणकोणपर्यंत झोपते.'

फाटकातून मालगाडी गेली. पत्रा हादरला,
डब्यातले स्क्रू हादरले.
ती संपेपर्यंत कुणालाच बोलायचं नव्हतं.

'तापाचा काटा खरा राहील,' मी म्हणालो,
'त्याला हात लावणार नाही.'
'त्याला कोण लाव म्हणतो,' तो म्हणाला,
'तो तिला दिसतच नाही. स्टिअरिंग आड येतं.'

पुन्हा डिकीत शिरलो.
तीन पीळ दिले. गाठ मारली.
शेपूट आत दुमडताना वायर आखूड पडली,
दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली.

बिलावर एवढंच लिहिलं,
टेप काढली. पन्नास रुपये.