चौथा भोपळा

पाखरं गेली की लगेच दोर सोडायचा नाही.
आधी काठीनं खालनं हळू टकटक करायची,
कान द्यायचा,
आणि पंधरा दिवस आपल्याच हातांना गप्प बसवायचं.
हे मला भरमू लाइनमननं शिकवलं.
खांबही त्यानंच दिला, जरा वाकलेला,
आणि बुजवलेल्या विहिरीची कप्पी.
"दोर ओढ, भोपळे खाली येतील. शिडी चढून पडशील म्हातारे,"
म्हणाला. स्वतः माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

भोपळे मिरजेचे.
दिराच्या ओळखीनं सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून आणलेले,
नाद नाही म्हणून टाकून दिलेले चार.
लिंबू जाईल एवढं भोक पाडलं,
बुडाला पाच बारीक छिद्रं, पाणी निथळायला,
वरून चुना, उन्हानं अंडी उकडू नयेत म्हणून.
दोन वर्षं कुणी फिरकलं नाही.
गांधीलमाश्या तेवढ्या राहून गेल्या, भाडं न देता.
मग भरमूनं तोंडं फिरवली,
पश्चिमेचा पाऊस पाठीवर घेतील अशी,
आणि तिसऱ्या वैशाखात भांगपाडी मैना आली, जोडीनं,
डोक्यावरचे काळे केस मागं चोपून बसवलेले,
लग्नाला निघाल्यासारखी.

खांबाला पत्र्याची झालर आहे, साप-मांजरासाठी.
पत्रा जुन्या दुकानाच्या पाटीचा,
दोनदा रंगवलेला, दोनदा फासलेला;
बोट फिरवलं की दोन्हीकडची अक्षरं अजून हाताला लागतात.
मांजर त्यावरून घसरतं
लिपी न बघता.

आज भादव्यातलं ऊन. पहिला उतरवला.
आत हात घालायचा नाही, पिसवा मनगटावर चढतात.
वर्तमानपत्रावर उपडा केला, झटकला.
पडलं ते असं:
वाळकं गवत, सापाच्या कातेचा तुकडा,
कोंबडीचं पीस, बसचं तिकीट,
आणि धागे, जांभळे,
चैत्रात शेजारच्या मागावर होते तेच जांभळे.
चाळीस वर्षं मी वडगावात कांड्या भरल्या.
तुटका धागासुद्धा मालक मोजून घ्यायचा.
हे कसे सुटले त्याच्या नजरेतून?

दुसऱ्यात एक अंडं. फिकट निळं, न उबलेलं.
हलवलं तर आत पाणी वाजलं.
तेवढं पेरूच्या बुडाला पुरलं, बाकी चुलीत.

लोक म्हणतात, पाखरं उडाली, आता सुनं वाटत असेल.
सुनं कुठलं,
मला उसंत नाही.
लिंबाच्या पाल्याचं कढत पाणी, काथ्या,
दोन दिवस ऊन,
मग भोकात चिंध्यांचा बोळा घट्ट, उंदीर शिरू नये म्हणून,
आणि माळ्यावर, फाल्गुनापर्यंत.

तिसराही झाला.
हात चालता होता, काम सरत आलेलं.
चौथ्याला टकटक करायची राहिली.
दोर सोडला, कप्पी कुरकुरली,
आणि आतून एक चिरका आवाज. मग तीन.
भादव्यात! उशिराची वीण.
मी दोर धरून तशीच उभी,
भोपळा अर्ध्यावर झुलतोय,
आणि विजेच्या तारेवर आई, चोचीत नाकतोडा,
माझ्याकडे बघतेय,
मी कारखान्यात उशिरा आलेल्या पोरीकडे बघायचे तशी.

इंच इंच वर चढवला.
गाठ मारली. परत मारली.

कुंपणापलीकडून जक्कव्वाची हाक,
"हक्की हारी होदवेन?"
तीस वर्षं ती कानडीत विचारते, मी मराठीत सांगते,
दोघींचं कधी काही अडलं नाही.
आज तोंडातून तिचीच बोली निघाली,
हळूच, वरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून,
"इन्नू वंद ऐती."

ती काठी टेकत आली, मान वर करून उभी राहिली.
चौथा बोळा माझ्या कनवटीला तसाच.